बुधीची मूठ

"पेन्सिली वर करा," मी म्हणाले.

एकोणीस हात वर गेले. एकोणीस हातांत एकोणीस पेन्सिली होत्या, हे खरं. पण त्यातली एकही माझ्या करंगळीपेक्षा लांब नव्हती.

मी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. पेन्सिली तेवढ्याच राहिल्या. बरोबर तीन आठवड्यांपूर्वी याच वर्गात, याच हातांत मी लाल रंगाच्या, सोनेरी अक्षरं छापलेल्या कोऱ्या पेन्सिली ठेवल्या होत्या. चांगल्या वीतभर लांबीच्या.

"गुरुजी, तुमची मुलं पेन्सिली खातात का?"

ठोंबरे गुरुजी फळ्याकडे तोंड करून उभे होते. आधीच पुसलेला फळा ते पुन्हा पुसत होते. "लिहितात, बाई. खूप लिहितात."

"तीन आठवड्यांत पाच-पाच इंच?"

गुरुजींनी डस्टर खिडकीबाहेर झटकलं. खडूची पूड परत आत आली आणि आम्ही दोघंही खोकलो.

ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पेणला एका लहानशा संस्थेत नोकरीला होते. आमच्या अध्यक्ष नलूताई कुंटे यांनी गणपतीत एक टूम काढली होती. मंडपात येताना हार-नारळ आणू नका, वह्या-पेन्सिली आणा. लोकांनी आणल्या. त्यांचे संच करून आम्ही आसपासच्या कातकरी वाड्यांवर वाटले. प्रत्येक संचात एक दप्तर, एक दोनशेपानी वही, एक पेन्सिल, एक खोडरबर, एक शार्पनर आणि एक फूटपट्टी. संस्थेचा नियम साधा होता: एक मूल, एक संच. पटावरचं नाव आमच्याकडे आलं पाहिजे आणि त्या नावाच्या मुलाच्या हातात संच गेला पाहिजे.

नियमाला कारण होतं. आदल्या वर्षी दुसऱ्या एका गावात वाटलेल्या वह्या आठवडी बाजारात विकायला ठेवल्या आहेत, हे आमच्याच माणसानं पाहिलं होतं. दुधानं तोंड पोळलं होतं, म्हणून आता आम्ही ताकही फुंकून पीत होतो. वाटप झाल्यावर तीन आठवड्यांनी पडताळणी करायची, छापील कागद भरायचा. 'साहित्य पूर्ण व सुस्थितीत आहे / नाही.' 'नाही'वर खूण झाली, की ती वाडी यादीतून कायमची बाद आणि गुरुजींची तक्रार वर.

हे काम नलूताईंनी माझ्याकडे दिलं, कारण माझा संशयी स्वभाव. भाजीवाल्यानं दिलेल्या लिंबांतलं एखादं लिंबू किडकं असणार, हे मी पिशवीत बघायच्या आधीच धरून चालते. आईनं लहानपणी हरबऱ्याचे दाणेसुद्धा मोजून दिले होते, त्याचा हा परिणाम. शिवाय या वाडीच्या बाबतीत माझा जीव जरा जास्तच गुंतला होता. इथल्या एकोणीस संचांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या मी स्वतः, माझ्या टपोऱ्या अक्षरात लिहिल्या होत्या. प्रत्येकीला तांबडी चौकट आखली होती. ती चौकट आखताना मला फार परोपकारी वाटलं होतं, हेही कबूल करते.

"आता वह्या काढा," मी म्हणाले.

वह्या निघाल्या, आणि माझं डोकंच फिरलं. दोनशेपानी वह्यांच्या जागी बोटभर जाडीचेही नाहीत असे गठ्ठे होते. काळ्या जाड दोऱ्यानं शिवलेले, बऱ्याचशांना पुठ्ठाच नाही. एका मुलाकडे पुठ्ठा होता, पण तो मागचा, पाढे छापलेला. खोडरबर दाखवा म्हटल्यावर तळहातांवर सुपारीच्या खांडांएवढे तुकडे आले.

"दप्तरं कुठायत?"

दप्तरं भिंतीवरच्या खुंट्यांना ओळीनं टांगली होती. मोजली. एकोणीस भरली. तेवढाच जीवाला दिलासा. पहिलं दप्तर उघडलं तर आत कोरडी पानं आणि त्यात गुंडाळलेल्या दोन वाळलेल्या खेकड्याच्या नांग्या. मी दप्तर जागच्या जागी अडकवलं.

"हे कुणाचं?"

"आज माजं," एक मुलगा म्हणाला.

"आज म्हणजे?"

"काल मथीचं व्हतं."

मथी लाजून हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी कागद पुढे ओढला, शाईच्या पेनाचं टोपण काढलं आणि 'नाही'वर ठसठशीत खूण केली. खालच्या शेऱ्याच्या ओळीत लिहिलं: 'बरेचसे साहित्य गायब. विकले गेल्याचा संशय.' पेणहून निघताना दाऊदभाई, आमचा जीपचा ड्रायव्हर, मला म्हणाला होता, "बाई, शितावरून भाताची परीक्षा करा आणि लवकर चला, पुढे आणखी दोन वाड्या आहेत." शीत तर माझ्या समोरच होतं.

तेवढ्यात माझं लक्ष मागच्या भिंतीकडे गेलं. एकोणीस मुलं पुढे बसली होती, ती माझ्या यादीतली. पण भिंतीला टेकून आणखी काही मुलं होती. इतका वेळ ती एवढी गप्प होती, की मी त्यांना भिंतीच्या पोपड्यांसारखंच धरून चालले होते. बारा. मोजून बारा. त्यातली एक मुलगी दहा-एक वर्षांची असेल. तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती. केस तेल लावून चापून बसवलेले, झगा मोठ्या माणसाच्या सदऱ्यातून बेतलेला, आणि उजव्या हाताची मूठ पोटाशी गच्च आवळलेली.

"ही कोण मुलं?"

गुरुजींनी डस्टर खाली ठेवलं. "ती... अशीच येऊन बसतात."

"पटावर आहेत?"

गुरुजी माझ्याजवळ आले. वर्गाला ऐकू जाऊ नये म्हणून की काय, खाली वाकून बोलू लागले. पन्नाशीचा माणूस, पण चेहरा उशिरा शाळेत आलेल्या पोरासारखा झाला होता.

"बाई, तुम्ही खूण केलीत, मी पाहिली. माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा. माझी बदली होईल, होऊ द्या. पण ही मागची बारा मुलं कागदावर आणू नका, एवढं करा."

"का?"

"दिवाळी झाली, की यांचे आईबाप कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. मुलं बरोबर जातात. वैशाखात परत येतात. गेल्या वर्षी तपासणीला साहेब आले, ते नेमके माघात. 'कायम गैरहजर' म्हणून बाराही नावं खोडायला लावली. वर म्हणाले, पटावर नाही त्याला वर्गात बसवायचं नाही. मी बसवतो. कुणाला कळलं तर उठवावी लागतील."

गुरुजींचं म्हणणं मला कळलं, पण पटलं नाही. चोराच्या मनात चांदणं, असं मी मनात म्हटलं. एकोणीस पेन्सिलींचा हिशोब विचारावा तर हा माणूस बारा मुलांची गोष्ट सांगतो. विषय बदलायची ही चांगली युक्ती आहे. आणि ती मूठ? ती मुलगी यादीत नाही, म्हणजे तिला संच मिळालेला नाही, आणि तरी तिच्या मुठीत काहीतरी आहे.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "नाव काय तुझं?"

"बुधी."

"मुठीत काय आहे?"

मूठ आणखी आवळली गेली.

"उघड."

"नाय."

वाडीवर कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही, हे मला ठाऊक होतं. पण इतकं स्वच्छ 'नाय' मला अनेक दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. मी जरा आवाज चढवला. "मी संस्थेकडून आलेय. मूठ उघड."

"लकमाबाबानं सांगितलंय, तो बोलल तवाच उगडायची." आणि मग, माझी समजूत काढल्यासारखं: "तू चल ना. तो वाटच बगतोय तुजी."

माझी वाट? मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी प्रथमच किंचित हसले. "जा बाई. मी सांगून तुम्हाला खरं वाटलं नसतं."

दाऊदभाई जीपमध्ये पाय पसरून पेंगत होता. त्याला हाक मारली. एकटीनं जायला मी भीत नव्हते, पण साक्षीला कुणी असलेलं बरं. ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. शाळेपासून वाडी हाकेच्या अंतरावर. मधे पिकत आलेल्या भाताचं एक खाचर. बुधी पुढे, आम्ही मागे. मूठ तशीच पोटाशी धरून ती बांधावरून अशी चालत होती, की जसं काही तिच्या हातात भरलेला पेला आहे.

पहिल्या झोपडीच्या दारात पोचले आणि थबकले. कुडाच्या दाराशेजारच्या मेढीवर, म्हणजे लाकडी खांबावर, माझी चिठ्ठी चिकटवलेली होती. तांबडी चौकट, टपोरं अक्षर: 'मथी गोविंद हिलम, इयत्ता तिसरी.' पुढच्या झोपडीवर दुसरी. त्यापुढे एकाच मेढीवर दोन. भाताच्या पेजेनं चिकटवल्या असाव्यात, कडा पिवळ्या पडल्या होत्या. पण एकही फाटलेली नव्हती, एकीवरही डाग नव्हता.

"या चिठ्ठ्या दप्तरांवर लावायच्या होत्या," मी म्हणाले.

"दप्तर समद्यांचं हाय," बुधी म्हणाली. "नाव तेवडं ज्याचं त्याचं."

एका दारात एक म्हातारी सुपल्यात नाचणी पाखडत बसली होती. गोमी तिचं नाव. तिनं मान खाली घातली आणि मी पाहतच राहिले. तिच्या चिमूटभर अंबाड्यात लाल पेन्सिलीचा तुकडा खोचलेला होता.

"बाई!" दाऊदभाई माझ्या कानाशी म्हणाला. "या म्हातारीचं नाव कितवीत आहे?"

मी त्याला गप्प केलं. "आजी, ही पेन्सिल कुठून आणलीत?"

गोमीनं अंबाड्यावर हात ठेवला, जणू मी ती हिसकावून घेणार होते. "माजा वाटा हाय."

"तुम्हाला लिहिता येतं?"

"नाय."

"मग काय करता हिचं?"

म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हाय," ती म्हणाली. "माज्याकडं बी हाय." आणि पुन्हा नाचणी पाखडायला लागली.

मला राग यायचं केव्हा थांबलं, ते नेमकं सांगता येणार नाही. पण त्या अंगणात मला एवढं नक्की कळलं, की हे चोरीचं प्रकरण नाही. चोर चोरीचा माल अंबाड्यात खोचून दारात बसत नाहीत. मग हे आहे तरी काय? आता मला ते कळल्याशिवाय चैन पडणार नव्हती. पुढच्या दोन वाड्या मी मनातून काढून टाकल्या.

वाडीच्या मधोमध एक आंब्याचं झाड होतं. त्याखाली लखमा मुकणे मासे धरायची बांबूची टोपली विणत बसला होता. सत्तरीचा, काटक, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्याला पाहिल्याबरोबर मला आठवलं. वाटपाच्या दिवशी हाच म्हातारा जीपमागे धावला होता. 'थांब बाई, थांब,' असं ओरडत होता. मला वाटलं होतं, आणखी काहीतरी मागायला येतोय. मी दाऊदभाईला म्हटलं होतं, "चला, उशीर होतोय."

त्यानं टोपली बाजूला ठेवली. "आलीस? बस."

"मला घाई आहे. मला फक्त एवढंच विचारायचंय, की..."

"बस मंग विचार. उब्या मान्साला वाटा देत नाय."

मी जमिनीवर बसले. दाऊदभाईही बसला. बुधी आमच्यासमोर उकिडवी बसली, मूठ गुडघ्यावर ठेवून. हळूहळू आजूबाजूची चार-सहा माणसं येऊन टेकली. शाळेतून गुरुजीही मागोमाग आले होते. ते जरा लांब उभे राहिले.

"पेन्सिली कुणी कापल्या?" मी विचारलं.

"मी," लखमा म्हणाला. जवळच पडलेला कोयता त्यानं बोटानं दाखवला. "एकीचं तीन. वाकडं-तिकडं झालं काय?"

"कापल्या कशाला?"

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. तो शेजारच्या माणसाकडे बघायला लागला. मग एखाद्या परदेशी माणसाला समजवावं तसं तो सावकाश बोलू लागला. "रानात ससा मारला तर तू काय करशील?"

"मी ससा मारत नाही."

"समज, मारलास. घरात एकटी खाशील?"

मी नकारार्थी मान हलवली.

"वाडीत आणला की वाटे व्हत्यात. ज्यानं मारला त्याचा, ज्यानं हाकलला त्याचा. घरटी एक. पोरांना एकेक. शिकारीला गेला नाय, आजारी हाय, त्याचा बी. वाटंत कुणी दिसला, त्याची नजर पडली, तर त्याचा बी." तो थांबला. "तू एकोनीस पेन्शिली आनल्यास. पोरं येकतीस. घरं तेवीस. तूच सांग, कापल्याबिगर कसं व्हायचं?"

"पण ज्या घरात पोरंच नाहीत..."

"पोर नाय म्हून वाटा नाय?" म्हातारा चक्क चिडला. "गोमीचं पोर मेलं. आता तिला ससा बी द्यायचा नाय काय?"

मागे अंगणात सुपल्याचा आवाज चालू होता.

वह्यांचंही तसंच झालं होतं. शिवण उसवून तीन-तीन भाग केले, पुन्हा शिवले. खोडरबर कोयत्यानं, शेवटी दाढीच्या पात्यानं. फूटपट्टीवर कोयता ठेवला तेव्हा मथीनं ओरडून सांगितलं, की आकडे तुटतील. म्हणून पट्ट्या, शार्पनर आणि दप्तरं वाडीची झाली. जे कापता येत नाही ते सगळ्यांचं. आणि चिठ्ठ्या?

"नावाचा वाटा व्हत नाय," लखमा म्हणाला. "ज्याची त्याला दिली."

माझ्यातली आईची मुलगी अजून जागी होती. एकोणीस त्रिक सत्तावन्न, असं मी मनाशी म्हणत होते. एकतीस मुलं, तेवीस घरं, झाले चोपन्न. "तीन तुकडे उरतात," मी म्हणाले.

लखमाचा चांगला डोळा चमकला. हिशेब विचारणारं माणूस त्याला पसंत पडलं असावं. "एक गुर्जींचा."

गुरुजींनी लांबूनच सदऱ्याच्या खिशातून तुकडा काढून दाखवला. दाखवताना ते जरा लाजले.

"आणि दोन?"

लखमानं बुधीकडे पाहिलं. "आता उगड."

बुधीनं मूठ पुढे केली आणि एकेक बोट उलगडलं. आत सागाच्या पानाची घडी होती, घामानं मऊ झालेली. घडीत लाल पेन्सिलीचे दोन तुकडे. एकाही तुकड्याला टोक काढलेलं नव्हतं.

"ह्यो तुजा," लखमा म्हणाला. "आनि ह्यो गाडी चालवनाऱ्याचा."

दाऊदभाईनं छातीवर हात ठेवला. "माझा? अरे, मी तर नुसती जीप चालवली!"

मला जे सुचलं ते अगदीच मूर्खासारखं होतं. "पण मी तर दिलं होतं. मला कशाला वाटा?"

"देनाऱ्याला पोट नसतं काय?" लखमा म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "बाई, ज्यानं आनलं त्याचा वाटा ऱ्हायला, तर फुडं रानात काय गावत नाय. मी तुज्यामागं पळलो. तू थांबली नाय. वाटा टाकून गेलीस. वाडी म्हनली, संपलं. ही आता काय परत यायची नाय, आनि वह्या बी यायच्या नाय."

माझ्या पिशवीत तो छापील कागद होता. 'नाही'वरची शाई वाळलेली होती. म्हातारा म्हणत होता ते अक्षरशः खरं होणार होतं. पेणला पोचेपर्यंत मी ही वाडी यादीतून पुसून टाकली असती आणि गुरुजींच्या मागे चौकशी लावली असती. लाज वाटली. खूप लाज वाटली.

"हिच्याकडे का ठेवले?" मी बुधीकडे बोट करून कसंबसं विचारलं.

"समद्यांस्नी नाव मिळालं," लखमा म्हणाला. "हिला नाय. बाकी अकरा पोरं उगी ऱ्हायली, ही लय रडली. म्हनाली, माज्या मेढीला काय लावायचं? मी म्हनलो, रडू नको, बाईचा वाटा तू राख. तवापासनं कुडात खोचून ठेवलता. तुजी गाडी वाजली, तसा काडून मुठीत धरला."

बुधी माझ्याकडे बघत होती. रोखून, अजिबात न लाजता. तिनं तिचं काम केलं होतं आणि आता माझी पाळी होती.

मी तुकडा उचलला. त्यावर सोनेरी अक्षरांतली दोनच शिल्लक होती.

"गुरुजी," मी हाक मारली, "आज ही बारा मुलं शाळेत हजर आहेत ना?"

"आहेत."

"मग आज त्यांची नावं पटावर घाला."

गुरुजी पुढे आले. "आणि दिवाळीनंतर? भट्टीवर गेली की पुन्हा खोडायला लावतील. मला विचारतील, माहीत असून का घातलीत?"

"तुम्ही आजचं लिहा. दिवाळीनंतरचं मी येऊन भांडते." हे मी कुठल्या बळावर म्हणाले, देव जाणे. मला वर कुणी ओळखतही नव्हतं. पण बोलून गेले, आणि एकदा वर्तुळात बसून वाटा घेतल्यावर माघार घेता येत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

गुरुजी "उद्या घालतो" म्हणतील, असं मला वाटलं. पण ते वळले आणि खाचराच्या बांधावरून शाळेकडे जवळजवळ पळतच गेले. परत आले ते हजेरीचं बाड काखेत मारून आणि बाकीच्या अकरा मुलांना मागे घेऊन.

मी पिशवीतला छापील कागद काढला आणि उभा-आडवा फाडला. मागची कोरी बाजू वर आली. त्याचे बारा चौकोन केले. लखमानं कोयत्याच्या टोकानं माझ्या तुकड्याला टोक काढून दिलं. शार्पनर शाळेत होतं आणि त्याला धीर नव्हता. मग मी आंब्याखाली मांडी घालून नावं लिहिली. तांबडी शाई नव्हती, म्हणून चौकटही त्याच शिसानं आखली. लिहिताना तुकडा बोटांत पुरत नव्हता. एवढ्याशा पेन्सिलीनं लिहायचं म्हणजे बोटं किती आखडतात, ते मला त्या दिवशी कळलं. ती मुलं तीन आठवडे तसंच लिहीत होती.

बुधीची पाळी शेवटी आली. ती इतरांना पुढे ढकलत राहिली होती.

"पूर्ण नाव?"

"बुधी."

"बापाचं?"

"काशा वाघे." मग ती पुढे सरकली आणि माझ्या हातावर जवळजवळ नाक टेकवून बघू लागली. "इत्ता बी लिव. त्यांच्यावर इत्ता हाय."

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी बाडात बोट घालून सांगितलं, "चौथी."

मी लिहिलं: 'बुधी काशा वाघे, इयत्ता चौथी.' तिनं चिठ्ठी दोन्ही हातांत धरली. मूठ मात्र आवळली नाही. तळहात सपाट ठेवून, कागद चुरगळू नये अशा बेतानं ती आपल्या झोपडीकडे चालत गेली. आतून कुणीतरी पेज आणून दिली.

परत जाताना दाऊदभाईनं आपला तुकडा कानावर खोचला होता. वाटेत तो एकदाच बोलला: "बाई, वीस वर्षं जीप चालवतो. वाटा पहिल्यांदा मिळाला."

नलूताईंना मी सगळं सांगितलं. फाटलेल्या कागदाबद्दल त्या मला रागे भरल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे पूर्ण संच कुणाकडेच नाही?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी माझ्या टेबलावरचा तुकडा उचलून हातात फिरवला आणि यादीत त्या वाडीपुढे एकोणीस खोडून एकतीस केलं. माघात साहेब आले. मी जाऊन भांडले. ती गोष्ट निराळी आणि फार लांब आहे. एवढंच सांगते, की बारापैकी नऊ नावं राहिली आणि त्यात बुधीचं होतं.

पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर आम्ही एकतीस संच घेऊन गेलो. एकतीस दप्तरं, एकतीस पेन्सिली, तांबड्या चौकटीच्या एकतीस चिठ्ठ्या. मी मनाशी खूश होते. आता प्रत्येक पोराला एकेक सबंध पेन्सिल मिळणार, कुणाला कापाकापी करायला नको.

लखमानं आंब्याखाली घोंगडी अंथरली. पेन्सिली ओळीनं मांडल्या. एकदा मोजल्या, दुसऱ्यांदा मोजल्या. मग मान वर करून त्यानं वाडीवरून नजर फिरवली. दारात बसलेल्या गोमीवर, बिनपोरांच्या घरांवर, गुरुजींवर, जीपजवळ उभ्या दाऊदभाईवर. आणि त्यानं कोयता हातात घेतला.

घड्याळात साडेअकरा वाजले होते. पुढे दोन वाड्या बाकी होत्या. मी चप्पल काढली, बुधीच्या शेजारी मांडी घालून बसले आणि माझा वाटा येईपर्यंत थांबले.